बिनदाराची वेस

सावरगव्हाणात शिरताना पहिली लागते ती वेस. दोन बाजूंना काळ्या दगडाचे दोन बुरूज, मध्ये कमान, कमानीच्या आत दोन्ही हातांना देवड्या. पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या त्या ओट्यांवर आता दुपारच्या वेळी म्हातारी माणसे टेकतात. कमानीखाली उभे राहून वर पाहिले तर दाराचे खुंट जिथे फिरायचे ती दगडातली भोके दिसतात. बाजूच्या भिंतीत आणखी एक चौकोनी पोकळी आहे, हात घातला तर खांद्यापर्यंत आत जाईल एवढी खोल. अडसर तिच्यात सरकवून ठेवीत. सगळे जागच्या जागी आहे, दार तेवढे नाही. आलेले पाहुणे विचारतात, दार कुजले की कोणी चोरून नेले? तसे काही झाले नाही. दार गावानेच काढले आणि पुन्हा कधी बसवले नाही. ते का, हे सांगायचे तर येसनाकाची गोष्ट सांगावी लागते, आणि येसनाकाची सांगायची तर त्याच्या बापापासून सुरुवात करावी लागते.

हे पेंढाऱ्यांच्या दिवसांतले. दसरा झाला, नद्यांचे पाणी उतरले, की त्यांच्या घोड्यांच्या टोळ्या मुलूखभर सुटायच्या. वाटेत येईल ते लुटायचे, लुटता येणार नाही ते जाळायचे आणि पुढे जायचे. गावांना कुसू होते, वेशी होत्या, त्या एवढ्यासाठीच.

बाप रामनाक हा गावचा वेसकर. उजाडताना वेस उघडायची, दिवे लागताना लावायची, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, हे काम त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. दार त्याच्या हातातले, पण त्या काळच्या रीतीने त्याचे घर दाराच्या बाहेर. खाली ओढ्याच्या अंगाला महारवाडा होता, तिथे. संध्याकाळी तो आतून मोठा अडसर घाली. मग दाराच्या फळीत एक लहान दिंडी होती, एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढी, तिच्यातून बाहेर येई, आणि आतला कोणी दिंडीची कडी लावून घेई. गाव दाराआड झोपे आणि दार लावणारा दाराबाहेर. यात काही उलटे आहे असे रामनाकाला कधी वाटले नाही, असे सांगतात. त्याच्या बापाने असेच केले होते.

येसनाक त्याचा एकुलता एक. आई लवकर गेली, त्यामुळे पोर बापाबरोबर देवडीवरच वाढले. बाप दाराकडे तोंड करून बसे आणि येसा वाटेकडे. काठी फिरवायला तो तिथेच शिकला. मिसरूड फुटले तेव्हा एक दिवस त्याने बापाला सांगितले, की मला या दाराशी जन्म काढायचा नाही. रामनाकाला राग आला नव्हता, भीती वाटली होती. आपल्यामागे ही काठी कोण धरणार, आणि धरणारा नसेल तर आपल्याला या मातीत कोण ओळखणार, असे त्याच्या मनात येई. पण येसा गेला. पलटणीत भरती व्हायला निघालेली काही माणसे वाटेने चालली होती, त्यांच्यातला एक होऊन गेला.

पलटणीत तो चांगला शिपाई ठरला म्हणे. बंदूक, कवाईत, रात्रीचा पहारा, सगळे त्याला चटकन आले. पहाऱ्याची तर बाळपणापासून सवय होती. त्याची बायको ताना सासऱ्याजवळ राही. रजेवर आला की तो पलटणीचा लाल कोट घडी करून आणी. गावातून येताना तो अंगात घालीत नसे, लोकांच्या डोळ्यांवर आले असते. घरी पोचल्यावर घाली. ताना त्याच्या पितळी गुंड्यांवरून बोट फिरवून बघे आणि हसे.

शेवटचा आला तो श्रावणात, मांडीला भाल्याची जखम घेऊन. जखम भरून यायला रजा मिळाली होती. जखम भरली, पण पाय थोडा ओढत चालायची सवय राहिली. तोवर तानाला दिवस गेले होते. येसा मनाशी ठरवूनच आला होता की या खेपेला बायकोला आणि बापाला बरोबर न्यायचे. पलटणीच्या तळाजवळ शिपायांची कुटुंबे राहत, त्यांना खोपटी बांधून देत. रामनाकाने बरेच दिवस नाही म्हटले, मग तानाकडे पाहून हो म्हटले. पण वेसकराने गाव सोडायचे तर पाटलाची परवानगी हवी.

हैबतराव पाटील वाईट माणूस नव्हता. तापट होता, पण दिलेला शब्द मोडीत नसे. आणि म्हणून सहसा शब्दच देत नसे. रामनाक वाड्यासमोर जोहार घालून उभा राहिला, तेव्हा पाटील म्हणाला, सुगी घरात येऊ दे, पेंढाऱ्यांचे दिवस आहेत, वेशीवर जाणते माणूस पाहिजे, मग बघू. रामनाकाने घरी येऊन तसेच सांगितले.

येसा म्हणाला, "बा, तू इचारायला गेलास तिथंच अडकलास."

मग तो स्वतः पाटलाकडे गेला. त्याने परवानगीचा विषय काढला नाही. पेंढारी कसे येतात हे तो पाहून आला होता. ते हमरस्त्याने येत नाहीत, ओढ्यानाल्याच्या पात्रातून येतात, आणि ओढ्याकाठी पहिला लागतो तो महारवाडा. तेव्हा धूळ दिसली की महारवाड्यातल्या बायकापोरांना आधी आत घ्यावे, एवढेच त्याचे मागणे होते. पाटलाच्या ओसरीवर बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिले. ही माणसे आत कुठे उभी राहणार, पाणी कुठले पिणार, असे कोणी तरी पुटपुटले. पाटील म्हणाला, वेळ आली की बघू.

त्यानंतरचे दिवस रामनाकाला फार जड गेले. उत्तरेला कुठल्या कुठल्या गावांवर धूर दिसे. येसाची रजा सरत आली होती. एकटा निघून जावे तर मागे ताना आणि म्हातारा उघड्यावर, सगळ्यांना घेऊन निघावे तर पाटलाचा हुकूम नाही. वेशीसमोर तेव्हा एक बोळ होता. बुरुजांपासून पुढे आलेल्या दोन भिंतींच्या मधला, दोन गाड्या शेजारी शेजारी जाणार नाहीत एवढा अरुंद. त्या बोळात येसा पाय ओढत येरझारा घाली. दाव्याला बांधलेल्या जनावरासारखा आपला पोरगा फिरतो आहे, आणि दावे आपल्याच हाताने बांधले आहे, असे देवडीवर बसल्या बसल्या रामनाकाला वाटे. पण सांगणार कोणाला?

कार्तिक वद्य पंचमीला दुपार कलताना ते आले. येसाने सांगितले होते तसे, ओढ्याच्या पात्रातून. रामनाक बुरुजावर होता. त्याला धूळ दिसली नाही, आधी पाखरे उठलेली दिसली, आणि मग एकदम घोड्यांची तोंडे. त्याने शिंग फुंकले. शिवारातली माणसे पळत सुटली. गावाच्या वरच्या अंगाला राने होती, तिथली माणसे आधी पोचली आणि आत शिरली. महारवाड्यातली माणसे खालून चढ चढून येत होती, कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या पाठीवर म्हातारे. रामनाक खाली उतरला तोवर पाटील घोंगडी टाकून दाराशी आला होता.

"लाव," पाटील म्हणाला.

आणि रामनाकाने लावले. इथे आमच्या गावात सांगणाराही जरा थांबतो. आपली माणसे बाहेर आहेत हे रामनाकाला ठाऊक होते. पण 'लाव' म्हटले की लावायचे, ही हातांना जन्माची सवय होती. दार मिटले, अडसर घरघरत भोकात गेला, आणि तो आवाज ऐकल्यावर त्याला कळले की आपण काय केले.

बाहेरून दारावर थापा पडू लागल्या. आधी हातांच्या, मग कपाळांच्या. बायका पाटलाला मायबाप म्हणून हाका मारीत होत्या. ताना त्यांच्यात होती. रामनाकाला तिचा आवाज ओळखू आला, आणि तिचाच आवाज सगळ्यांत कमी होता. आत माणसे दाटीवाटीने उभी होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. बाहेरची माणसे दार आणि घोडे यांच्यामध्ये कोंडली होती, आणि आतली दाराआड. कोंडलेले दोघेही होते, फरक एवढाच की एका बाजूला भाले येत होते.

येसनाक सर्वांत शेवटी बोळात आला. मागून कोणी राहू नये म्हणून तो मागे थांबला होता. त्याची बंदूक पलटणीतच जमा होती. हातात तलवार आणि कुणाचा तरी भाला, एवढेच. बोळाच्या तोंडाशी कडब्याची गाडी कोणीतरी टाकून पळाले होते. त्याने चार बाप्यांना हाताशी घेऊन ती आडवी पाडली. आता घोडा सरळ आत येऊ शकत नव्हता. उतरून, कडब्यावरून चढून, एकेकट्याने यावे लागणार होते. मग तो दाराजवळ आला आणि फळीला तोंड लावून बोलला. तो ओरडला नाही असे सांगतात, नेहमीच्या आवाजात बोलला.

"बा, मोठं दार उघडू नको. ते उघडलंस तर गाव जाईल. दिंडी उघड. एकेक आत घे. मी तोंडाशी थांबतो."

पाटलानेही ते ऐकले. तो म्हणाला, दिंडी उघडी दिसली तर ते तिच्यावरच तुटून पडतील. हे खोटे नव्हते. बुरुजावरचा माणूस सांगत होता की पेंढारी घोड्यांवरून उतरू लागले आहेत. पाटलाने तलवार काढली. रामनाक दिंडीला पाठ लावून उभा राहिला. जन्मात प्रथमच त्याने पाटलाच्या तोंडाकडे मान वर करून पाहिले.

"पाटील," तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं तवा लावलं. आता मला कापा, न्हाई तर उघडू द्या."

पाटलाने तलवार उगारली होती आणि त्याच्या आईने ती मागून धरली, असे काही जण सांगतात. काही म्हणतात, तसे काही नाही, पाटलाने नुसते तोंड फिरवले. दोन्हीतले खरे कोणते, कोण जाणे. रामनाकाने कडी काढली.

पोरे आधी आली. मग बायका. ताना आली तेव्हा तिने बाहेर वळून पाहिले, रामनाकाने तिला दंडाला धरून आत ओढले. आत घेतलेले माणूस पुढे सरकवायचे, पुढचे ओढायचे, एवढेच त्याला समजत होते. बोळाच्या तोंडाकडून लोखंडावर लोखंडाचा आवाज येई, कोणी तरी किंचाळे, मध्येच सगळे शांत होई. शांत झाले की रामनाकाचा हात थांबे, आणि पुन्हा आवाज आला की हात चाले. गाडी पाडणारे चौघे आत आले, एकाचे बोट तुटले होते. शेवटी राहिली आंधळी भागूआजी. तिला वाकता येईना. दिंडीत अडकली, पदर खिळ्यात गुंतला, ती रडत म्हणू लागली, मला ऱ्हाऊ दे. रामनाकाने पदर टरकावला आणि तिला उचलून आत घेतले.

तेवढ्या वेळात येसनाक पाऊल पाऊल मागे येत दिंडीपासून थोड्या अंतरावर पोचला होता. त्याच्या अंगावर तीनचार जण होते, आणि कडब्यावरून आणखी उतरत होते. त्याची पाठ दाराकडे होती. वळून दिंडीत शिरायचे तर वाकावे लागणार होते, आणि तो वाकला असता तर त्याच्यामागोमाग ते आत येणार होते. हे रामनाकाला दिसत होते. पोरग्याला तर त्याच्या आधी दिसले असावे.

रामनाकाने विचारले, "बाहेर कोणी राहिलं का?"

का विचारले, हे त्याला पुढे कधी सांगता आले नाही. रोज वेस लावताना तो हेच विचारी, तेच तोंडातून बाहेर पडले.

येसनाक मान न वळवता म्हणाला, "कोणी न्हाई, बा. लाव."

रामनाकाने दिंडी लावली. कडी घातली. कडीवर हात ठेवून तो उभा राहिला, कारण हात काढला तर तो कडी उघडील याची त्याला खात्री होती, आणि ठेवला तरीही उघडील अशी भीती होती. आतले कोणी त्याला हात लावायला धजले नाही. दिंडीच्या फळीवर बाहेरून काही तरी जड टेकले. पाठ असावी. फळी हलत होती, रामनाकाच्या तळहाताला ते कळत होते. बराच वेळ ती हलत राहिली. मग हलायची थांबली.

दार फुटत नाही असे पाहून पेंढाऱ्यांनी महारवाडा पेटवला, गंजी पेटवल्या आणि ऊन उतरायच्या आत ते ओढ्याने निघून गेले. बुरुजावरून गेल्याची खूण झाली, तेव्हा पाटलाने दिंडी उघडायला सांगितले. ती आत उघडणारी होती. रामनाकाने कडी काढली मात्र, येसनाक पाठीवर आत पडला, बापाच्या पायांवर. त्याने शेवटपर्यंत पाठ दिंडीला लावून ठेवली होती. समोरच्या अंगावर मोजता येणार नाहीत एवढे वार होते, पाठीवर एकही नव्हता.

ताना त्याच्याजवळ बसली. तिने लाल कोट मागितला. तो घरात होता, आणि घर जळत होते. तेव्हा पाटलाच्या आईने आपली शाल काढून त्याच्यावर घातली. त्या काळी असे कोणी करीत नसे, म्हणून गावाने ते लक्षात ठेवले आहे.

सरणाला लाकूड पाहिजे होते. महारवाड्यातले सगळे सरपण जळून गेले होते. गावातून चारदोन जण आपापल्या घरची लाकडे काढू लागले, पण रामनाक नको म्हणाला. पेंढारी गेल्यावर मोठे दार उघडले होते, आणि आता दिवे लागायची वेळ होत आली होती. पाटलाने सवयीने म्हटले, रामनाका, वेस लावून घे, ते परत फिरले तर?

रामनाक म्हणाला, "आज दोनदा लावली, पाटील. आता ह्या हातानं न्हाई."

पाटलाने दुसऱ्याला सांगितले. तो जागचा हलला नाही. तिसऱ्याला सांगितले, त्याने खाली पाहिले. मग पाटील स्वतः पुढे झाला आणि त्याने अडसराला हात घातला. म्हणे, अडसर भोकात जाईना. रोज लोण्यातून जावा तसा जाणारा अडसर, तीन माणसांनी रेटला तरी बोटभर बाहेरच राहिला आणि दोन फळ्यांमध्ये फट राहिली. त्या फटीतून खालचा जळता महारवाडा दिसत होता. काही जण म्हणतात, मारामारीत खुंट कलले असतील. असतीलही. पाटील त्या फटीतून बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने सुतार बोलावला आणि दार उतरवायला सांगितले.

लोक घाबरले. उघड्या वेशीचे गाव राहणार कसे, असे त्यांनी विचारले. पाटील म्हणाला, दाराच्या भरवशावर राहिलो म्हणून आज हे झाले. याउपर वेशीत माणसे उभी राहतील.

दोन्ही फळ्या, दिंडी आणि अडसर, सगळे सागाचे, कैक पिढ्यांचे तेल प्यालेले. त्याचेच सरण रचले, वेशीसमोर, बोळाच्या तोंडाशी. एवढे जुने, भरीव लाकूड लवकर धरायचे नाही असे सुतार म्हणत होता, पण एका ठिणगीत धरले असे सांगतात, आणि धूर वाकडातिकडा न होता सरळ वर गेला. रामनाकाने अग्नी दिला. पाटील डोक्याचे पागोटे काढून उभा होता.

पुढच्या सालीही एक टोळी त्या बाजूला आली होती म्हणे. लांबून तिने उघडी वेस पाहिली, कमानीत उभी असलेली माणसे पाहिली, आणि ज्या गावाला दाराची गरज वाटत नाही तिथे काही तरी डाव असणार असे समजून ती बगल देऊन गेली. त्यानंतर पेंढाऱ्यांचेच दिवस सरले. तानाला मुलगी झाली. तिचे वंशज गावात आहेत, आणि ते या गोष्टीत स्वतःहून कधी भर घालत नाहीत. पाटलाने रामनाकाला आणि तानाला कुसवाच्या आत जागा देऊ केली होती. रामनाक म्हणाला, पोरगा जिथं उभा राहिला तिथून मी हलायचा नाही. बोळाच्या भिंती पुढे पडल्या, तिथेच त्याने घर बांधले.

आणखी एक सांगितले पाहिजे, नाही तर गोष्ट खोटी होईल. वेशीचे दार एका संध्याकाळी गेले, पण गावच्या विहिरीवर त्या माणसांना पाणी भरू द्यायला गावाने त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लावली. कोणी अभिमानाने वेस दाखवू लागला की आमच्यातले जाणते लोक हेही सांगतात.

लावायला दार उरले नव्हते तरी रामनाक जिवंत होता तोवर रोज दिवेलागणीला कमानीखाली येई आणि विचारी, बाहेर कोणी राहिलं का? विचारून झाल्यावर उत्तराची वाट न पाहता तो बाहेर पडे आणि बोळापासून ओढ्यापर्यंत सगळीकडे पाहून येई. तो थकला तेव्हा हैबतराव पाटील त्याच्याबरोबर जाऊ लागला, आणि रामनाक गेल्यावर एकटा. घरात सगळ्यांच्या शेवटी शिरायची सवय पाटलाला लागली ती तेव्हापासून.

आजही कार्तिक वद्य पंचमीला सावरगव्हाणात कोणी आपल्या घराला कडी लावत नाही. दिवे लागताना सगळे गाव वेशीच्या आत जमते, आणि पाटलांच्या घरातले वडीलधारे माणूस, मग ते बाई असो की पुरुष, कमानीखाली उभे राहून विचारते, बाहेर कोणी राहिलं का? उत्तर द्यायचे नाही असा दंडक आहे. कोणी नाही, असे ज्याने सांगितले होते तोच बाहेर होता, म्हणून इथे उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत. विचारणारा उंबरा ओलांडून बाहेर जातो, ओढ्यापर्यंत पाहून येतो. तो परत येईपर्यंत कोणी जेवायला बसत नाही.